वाळवंटी शहरांचा पारा: फिरणाऱ्या आलेखाबद्दल खुलासा

वाळवंटी शहराचं दिवसभराचं तापमान म्हणजे सरळ साइन वक्र (एकसारखी चढणारी-उतरणारी लाट), दुपारी बाराला शिखर आणि मध्यरात्री तळ, असा आलेख फिरतोय. तो चुकीचा आहे. सूर्य माथ्यावरून ढळला तरी जमिनीत येणारी उष्णता बराच वेळ जाणाऱ्यापेक्षा जास्तच असते, म्हणून पारा साधारण तीन-चारला सर्वाधिक चढतो. नीचांक येतो सूर्योदयाच्या आसपास. चढ झपाट्याचा, उतार रेंगाळणारा. एकाच साइनमध्ये हे बसणार कसं? पार्टन आणि लोगन या संशोधकांच्या तापमानाच्या १९८१च्या प्रारूपात (गणिती मॉडेलमध्ये) म्हणूनच दिवसाला साइन आणि रात्रीला घातांकी घट, म्हणजे आधी वेगाने आणि मग मंदावत जाणारी घट, आहे. शहरात तेही जपून वापरावं. अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरामध्ये डांबर-काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं. उघड्या वाळवंटातला घटीचा दर तिथे जसाच्या तसा लावला, तर पहाटेचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो.