राखीगढीची बाई आणि स्टोनहेंजचे वारस

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, तोच प्रश्न चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्याला विचारला जातो तेव्हा माझे कान टवकारतात.

हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील ६१ नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीच्या कानाजवळच्या हाडातून वाचण्याजोगा डीएनए मिळाला. ज्यांच्याशी आर्यांचे आगमन जोडले जाते, त्या युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील (स्टेप) पशुपालकांचा अंश त्यात नाही, हे सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध होताच मायदेशात ‘आर्य बाहेरून आलेच नाहीत’ असा जल्लोष झाला. त्याच सुमारास ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरील दुसरा निबंधही आला. हा अंश इ. स. पू. २००० ते १५०० या काळात उपखंडात पोहोचला, असे त्यात म्हटले होते आणि त्याच्या लेखकांत शिंदेही होते. राखीगढीची बाई त्याआधीच मातीआड गेली होती. पाहुणे येण्यापूर्वीच्या ओसरीवर त्यांच्या चपला दिसल्या नाहीत, यावरून ते पुढेही आले नाहीत असे कसे ठरवायचे? तरीही २०२४ मध्ये हे संशोधन एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात अखंड परंपरेचा पुरावा म्हणून दाखल झाले.

ब्रिटनमध्ये याच तंत्राने २०१८ मध्ये दाखवून दिले की, इ. स. पू. २५०० नंतरच्या काही शतकांत येथील वंश सुमारे ९० टक्के बदलला. म्हणजे स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाचे प्रचंड दगड ज्यांनी उभे केले, त्यांचा अंश आजच्या इंग्रजांत जेमतेम उरला आहे; पण म्हणून स्टोनहेंज परके झाल्याची तक्रार मी येथे ऐकलेली नाही.

यावरून इंग्रज आपल्याहून शहाणे, असे म्हणण्याची आम्हा परदेशस्थांची आवडती घाई मात्र मी करणार नाही. त्याच वर्षी चेडर येथील सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची त्वचा बहुधा काळसर होती असे जाहीर झाले, तेव्हा येथेही अनेकांचा तोल गेला. पिल्टडाउनचे प्रकरण तर अधिकच लाजिरवाणे आहे. माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा एकत्र करून १९१२ मध्ये रचलेला ‘आद्य इंग्रज’ १९५३ पर्यंत खपला, कारण तो अनेकांना हवाच होता.

मीही या वादात तटस्थ नाही. मायदेशी ‘स्थलांतर’ हा शब्द आरोपासारखा उच्चारला जातो, आणि तो उच्चारणाऱ्यांत मुलांना परदेशी पाठवलेले माझे आप्तही असतात, याची मला गंमत वाटते. राखीगढीच्या त्या बाईला तिच्या माणसांनी तेथील रीतीप्रमाणे उत्तर-दक्षिण निजवून, सोबत मातीची भांडी ठेवून पुरले होते. त्या भांड्यांविषयी मला घरच्यांकडून अद्याप एकही संदेश आलेला नाही.