दादाची एक्सेल शीट आणि माझा रुमाल

आज सकाळी घरच्या ग्रुपवर दादानं एक एक्सेल शीट टाकली. भाचीला इतिहासात एम.ए. करायचंय, पुढे मराठेशाहीवर काम करायचंय, आणि ते कुठून करायचं याचा निकाल लावायला ही शीट. अकरा विद्यापीठं, नऊ रकाने. एनआयआरएफ (केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी) क्रमांक, नॅकची (मूल्यांकन करणारी संस्था) श्रेणी, फी, वसतिगृह, सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा लागते की नाही, शहर 'सेफ' आहे का, आणि शेवटून दुसरा रकाना: प्लेसमेंट. सगळ्यांना गुण, गुणांची बेरीज, बेरजेप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल रंग. माणसानं उभी नोकरी खरेदी खात्यात काढली, तेव्हा विद्यापीठांचीही कोटेशनं मागवली. खाली काकाचा अंगठा, वहिनीचं "छान केलंय हं", आणि एका चुलतभावाचं ठरलेलं, "त्यापेक्षा लॉ का नाही करत ती?"

दुपारपर्यंत गप्प बसले. आता नाही बसवत. ग्रुपवर लिहिलं तर वर्षभर पुरेल, म्हणून इथे लिहितेय.

इतिहासाची प्लेसमेंट! म्हणजे कंपनीवाले येणार, पोरांना रांगेत बसवणार आणि विचारणार, बाळा, सरंजाम आणि इनाम यांतला फरक सांग?

बरं, क्रमांक तरी कसले? एनआयआरएफमध्ये इंजिनिअरिंगची वेगळी यादी आहे, फार्मसीची आहे, कायद्याची आहे, दातांच्या डॉक्टरांची आहे. इतिहासाची नाही. म्हणजे दादाच्या पहिल्या रकान्यात कुठल्यातरी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाची पुण्याई इतिहास विभागाच्या खात्यावर जमा झालीय. नॅकचंही तेच, श्रेणी अख्ख्या संस्थेला मिळते. इतिहास विभागात निम्म्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरची दोन पोरं गाडा ओढतायत, हे त्या 'ए प्लस'मध्ये कुठे दिसतं?

मला राग दादाचा नाही. (थोडा आहे.) राग याचा की ही शीट मीही केली होती. एक्सेल नव्हतं, वहीच्या मागच्या पानावर केली होती. नावाजलेलं विद्यापीठ, मोठी इमारत, घराबाहेर पडण्याची हौस. कुठलं ते विचारू नका. एम.ए. झालं, फर्स्ट क्लास मिळाला, आणि मग एके दिवशी मी पुण्याच्या पुराभिलेखागारात गेले. पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, बघायला.

ही गोष्ट तुमच्यातल्या काहींनी ऐकलीय. पुन्हा ऐका.

दाराशी वही होती. नाव, पत्ता, विषय, सही. विषयाच्या रकान्यात मी ठसक्यात लिहिलं, 'पानिपत'. मागणीची चिठ्ठी दिली, आणि थोड्या वेळानं समोर रुमाल आला. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. चौकोनी फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं; दप्तर त्यातच मोजतात, इतके रुमाल, तितके रुमाल. गाठ सोडली. आत लांबट, कडा तपकिरी पडलेले बंद. वरचा उचलला आणि हाताला घाम फुटला. एक अक्षर लागेना. मला वाटलं होतं मोडी म्हणजे घाईत लिहिलेली देवनागरी. इथे डोक्यावरची रेघ आधीच कागदभर ओढून ठेवलेली, आणि खाली बोरू न उचलता पळवत नेलेली ओळ. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, पत्ता नाही. पंधरा मिनिटं मी वाचण्याचं नाटक केलं. वहीत काहीतरी खरडलंसुद्धा.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, पेन्सिलीचा एक बोटभर तुकडा. मान न वळवता त्यांनी विचारलं, "साल लागलं का?"

"नाही."

त्यांनी कागदावर, टेकेल न टेकेल असं बोट धरलं. "इहिदे सितैन मया व अलफ. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले अकराशे एकसष्ट. सुहूर सन आहे हा, तेव्हाची कालगणना. इसवी सन हवा तर पाचशे नव्व्याण्णव मिळवा."

मिळवले. सतराशे साठ.

"आणि पुढचा जानेवारी याच सालात. पानिपताचं साल, बाई."

पानिपतच्या पराभवाची कारणं मी परीक्षेत पाच पानं लिहिली होती. रसद तुटली, बुणगे (बिनलढाऊ लोक) फार, शिंदे-होळकरांचं पटेना, १४ जानेवारी १७६१. सगळं तोंडपाठ. आणि ते साल समोर येऊन बसलं तर ओळख नाही! आजही लिहिताना कानाची पाळी गरम होतेय.

दोन वर्षांत आम्हाला एकही मूळ कागद दाखवला नव्हता. मूळ सोडा, त्याची झेरॉक्सही नाही. सर यायचे, पिवळी पडलेली टिपणं काढायचे आणि सांगायचे, लिहा. कारणे, स्वरूप, परिणाम. प्रत्येक गोष्टीला कारणे, स्वरूप, परिणाम. १८५७ चं बंड असो नाहीतर फ्रेंच राज्यक्रांती, साचा एकच. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले, छापील, सुवाच्य देवनागरीत. आमच्या ग्रंथालयात ते होते. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली रजेवर. तक्रार करायलाही आम्हाला सुचलं नाही, कारण त्या कपाटाशिवाय पास होता येत होतं. फर्स्ट क्लासमध्ये.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की इतिहासाचं विद्यापीठ निवडायचं तर तिथे कागद समोर येतो का आणि तो वाचायची भाषा शिकवतात का, हे आधी बघा. वसतिगृहाचं नंतर.

कागद काय फक्त पुण्यातच आहेत? मराठ्यांचाच इतिहास घेतला तरी मुलगी कुठकुठे जाऊ शकते बघा. मुघल आणि आदिलशाही बाजू हवी तर फारसी हवी. त्यातही कारकुनांची शिकस्ता लिपी म्हणजे मोडीची सख्खी बहीण, तशीच छळवादी. अलीगढच्या इतिहास विभागाचा सगळा बोलबाला फारसी साधनांवर उभा आहे. हैदराबादच्या अभिलेखागारात औरंगजेबाच्या दख्खनमधल्या कारभाराचे कागद पडलेत. वसईची मोहीम करायचीय? मग पोर्तुगीज शिक आणि गोव्याला जा. लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराची बाडंच्या बाडं पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. व्यापार करायचाय? डच शिक, व्हीओसीचे, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीचे, कागद हेगला आहेत आणि शेजारी लायडनचं विद्यापीठ. इंग्रजांच्या वखारींचं पुष्कळसं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. तंजावरच्या भोसल्यांचे मोडी कागद तर तमिळनाडूत आहेत आणि त्यांवर तिथल्या तमिळ विद्यापीठानं काम केलंय. तमिळ विद्यापीठानं! आपण इकडे मोडीच्या पाट्या रंगवून 'अभिमान' म्हणून डीपीला लावतोय.

यातलं काहीही दादाच्या शीटमध्ये नाही. 'भाषा' असा रकाना आहे, त्यात 'माध्यम: इंग्रजी' असं लिहिलंय. हिरव्या रंगात.

आता कमेंटमध्ये कोणीतरी येणारच, की थोर इतिहासकारांनी कुठे इतिहासाच्या पदव्या घेतल्या होत्या? खरंय. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे, आणि पटवर्धनांचं दप्तर उपसून त्यांनी ऐतिहासिक लेखसंग्रह काढला. जदुनाथ सरकार एम.ए. इंग्रजीचे, मराठी नंतर शिकले. सरदेसाई बडोद्याच्या महाराजांच्या नोकरीत. सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी. वि. का. राजवाडे गावोगाव वणवण करून वाड्यांच्या माळ्यांवरची बाडं गोळा करत फिरले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापत सुटले, २२ खंड. १९१० मध्ये मेहेंदळ्यांना बरोबर घेऊन भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. मान्य, विद्यापीठाशिवाय जमतं. राजवाडे असाल तर. माझी भाची गोड आहे, पण राजवाडे नाही. तिच्या हातात दोन वर्षं आहेत आणि नंतर दादा विचारणार आहे, पुढे काय.

आणि नेट-जेआरएफ, मुलाखती, शिष्यवृत्त्या, यांत नाव चालतं. नावाजलेल्या ठिकाणच्या पोराकडे बघून समितीची खुर्ची जरा पुढे सरकते. चालतं नाव. झालं समाधान?

दिल्लीचं मात्र जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण शीटमध्ये जेएनयू हिरवं आहे आणि ग्रुपवर त्यावरून वेगळीच लढाई जुंपलीय. ती लढाई मला इथे नकोय. तशी कमेंट दिसली की उडवीन. मी एवढंच म्हणेन की ज्या विभागात एके काळी रोमिला थापर, बिपन चंद्र, सतीश चंद्र, एस. गोपाल एकाच वेळी शिकवत होते, तिथून आलेली माझी एक मैत्रीण माझ्याहून चांगले प्रश्न विचारते. मला मोडी यायला लागल्यावरसुद्धा. मी कागद वाचून दाखवायचे आणि ती विचारायची, हा अर्ज पाटलानंच का केला? कुळांचा का नाही? गावच्या महारांचा कागद या रुमालात का सापडत नाही, आणि नाही सापडत तर त्यांचा इतिहास कशावरून लिहायचा? मी गप्प. मोडी शिकून आपण जिंकलो असं वाटलेलं असताना हे फार झोंबतं. आपल्याकडे मोडी फाडफाड वाचणारे कितीतरी आहेत, ज्यांना आयुष्यात एकही प्रश्न पडलेला नाही. कागद सापडला की छापायचा, खाली लिहायचं 'अप्रकाशित', फेटा बांधून सत्कार. हे मी चिडून लिहितेय, पण खोटं लिहीत नाहीये.

तेव्हा भाची दिल्लीला गेली तरी माझी हरकत नाही. फक्त सुट्टीत मोडी शिकायला ये म्हणावं. भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग असतात, पुराभिलेख खातंही मोडी शिकवतं. दोनेक महिन्यांत हाताला वळण येतं. नजरेला यायला वर्षं जातात, ती जाऊ देत.

दादा, तू हे वाचणार आहेसच, कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवेलच, तर एक काम सांगते. शोधगंगा उघड. फुकट आहे. देशभरच्या पीएच.डी.चे प्रबंध तिथे पडलेले असतात. तुझ्या अकरा विद्यापीठांतल्या इतिहास विभागांचे गेल्या काही वर्षांतले पाच-पाच प्रबंध काढ. प्रबंध वाचू नकोस, जीव जाईल. शेवटची संदर्भसूची बघ. तिथे रुमाल क्रमांक आहेत का? फाइल क्रमांक, बखरी, फर्मानं, जुनी वृत्तपत्रं, मुलाखती, काहीतरी आहे का? की एकाच प्रकाशनाची गाईडवजा पुस्तकं, वर्णानुक्रमे? तुला कोटेशन वाचता येतं म्हणजे हेही वाचता येईल. पाच मिनिटांत कळेल कुठला माल खरा आहे. मग तिथे शिकवतं कोण ते बघ, आणि ती व्यक्ती पुढच्या वर्षी निवृत्त होतेय का तेही विचार. मग लाव रंग.

हे लिहिताना राग बराच उतरलाय. खरं तर दादानं रात्री जागून केलीय ती शीट. आमच्या वेळी मी इतिहास घेते म्हटल्यावर घरी कुणी एक रकानासुद्धा आखला नव्हता. 'घे काय घ्यायचं ते' एवढंच. तो निदान मुलीसोबत बसलाय.

त्या दिवशीचा तो कागद लढाईचा नव्हता, हे सांगायचं राहिलं. कुठल्याशा गावच्या पाटलानं वसुलात सूट मागितली होती, पाऊस नीट झाला नाही म्हणून. आजोबांनी मला सगळा वाचून दाखवला, एकेका शब्दावर थांबत, दोनदा माझ्याकडून वाचून घेत. तिकडे उत्तरेत सदाशिवराव भाऊंचा अख्खा तळ संकटात, आणि इकडे पाटील आपल्या चार बिघ्यांचं रडगाणं गातोय. मला 'पानिपत' हवं होतं, आणि हातात हा पाटील आला. नंतर मी जे काही थोडंफार काम केलं ते त्याच्यासारख्यांवरच केलं.

मघाशी, हे अर्धं लिहून झालं होतं तेव्हा, भाचीचाच फोन आला. बापाच्या शीटबद्दल एक शब्द नाही. तिला म्हाताऱ्या आजोबांची गोष्ट पुन्हा ऐकायची होती. मी सांगितली. ऐकून घेतलं आणि विचारते, "आत्या, त्यांचं नाव काय होतं?"

नव्हतं विचारलं. वीस वर्षांत शंभर वेळा ही गोष्ट सांगितली, मोडी मला ज्यांच्यामुळे शिकावीशी वाटली त्यांचं नाव मला माहीत नाही.

"पण वहीत सही करून आत गेला होतात ना सगळे? तुझ्या आधी आले असतील तर तुझ्या वरच्या ओळीत असतील ते."

मी म्हटलं, अगं, वीस वर्षांपूर्वीची हजेरीची वही कोण जपून ठेवतंय?

तर म्हणते, "दप्तरखानाच आहे ना तो?"