‘नवे स्पीकर टाकले आणि बास उलट कमी झाला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही दोन स्टार दिलेत. नव्या गाडीच्या पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर (खालच्या सुरांचा वूफर आणि बारीक सुरांचा ट्विटर वेगळे असलेला संच) टाकले, पण बास कंपनीच्या स्पीकरपेक्षाही कमी झाला, ट्विटर कानाला टोचतो, आणि तक्रार केल्यावर ‘आता डॅम्पिंग (दाराच्या पत्र्याची थरथर थांबवणारी शीट लावणं) करा, मग सबवूफर घ्या’ असं ऐकवलं गेलं, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तिसरीही रास्त आहे, कारण डॅम्पिंगचं आम्ही पैसे घेण्याआधी बोलायला हवं होतं. कमी बजेटमध्ये हेच काम करून घेणारे बरेच जण हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

बास का गेला? स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच खेचतो. मागची हवा फटीतून पुढे आली की दोन्ही एकमेकींना मारतात, आणि सगळ्यात आधी मरतो तो बास. कंपनीचा स्पीकर प्लास्टिकच्या अखंड साच्यात, रबरी कडेसकट दारावर घट्ट बसतो. नवा स्पीकर धातूच्या चौकटीचा, म्हणून मध्ये स्पेसर रिंग लागते. तुमच्या गाडीत आम्ही सगळ्या गाड्यांना चालणारी रिंग टाकली आणि तिच्यामागे फोमचं गॅस्केट लावलं नाही. एका बाजूने कार्डाचा कागद सरकेल एवढी फट राहिली तरी बास पातळ होतो. ही चूक आमची.

दुसरं कारण दारातच आहे. आतल्या पत्र्याला हाताचा पंजा जाईल एवढी भोकं असतात आणि त्यांच्यावर नुसता प्लास्टिकचा कागद असतो. तो पाणी अडवतो, आवाज अडवत नाही. कंपनीचा स्पीकर हलक्या कागदी पडद्याचा असतो आणि हेड युनिटमधलं (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिममधलं) इक्वलायझेशन, म्हणजे सुरांची कमी-जास्त जुळवणी, त्याच दारासाठी जुळवलेलं असतं, त्यामुळे हा दोष झाकला जातो. नवा वूफर जड, रबरी कडेचा. त्याला खालचे सूर काढता येतात, पण मागे बंद जागा हवी. म्हणून आमचं मत असं की बजेट तोकडं असेल तर मागचे स्पीकर वगळावेत, दार वगळू नये. चारही स्पीकर बदलून देणारं दुसरं दुकान तुम्हाला स्वस्त वाटलं. पण पुढे बसून ऐकणाऱ्याला मागच्या दारांतून मिळतं फार थोडं. ते कंपनीचेच राहू द्या आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारं सेटिंग) दोन-तीन घरं पुढे सरकवा.

तिसरं कारण ताकदीचं. हेड युनिटवर ‘४५ वॅट गुणिले ४’ असं काहीतरी छापलेलं असतं, तो क्षणभराचा आकडा. बॅटरीच्या साडेतेरा-चौदा व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला आवाज न फाटता सलग मिळतात ते साधारण १५ ते २० वॅट. अशा वेळी डब्यावरच्या ‘कमाल ३०० वॅट’पेक्षा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती जोरात वाजतो ते, बघायची असते. ८८ डेसिबलच्या स्पीकरला ९१ डेसिबलवाल्याइतकं वाजायला दुप्पट वॅट लागतात. तुम्हाला दिलेला स्पीकर ८८चा आहे. ॲम्प (ताकद वाढवणारा वेगळा डबा) लावणार नसाल तर आम्ही ९१चा सुचवायला हवा होता. काही गाड्यांत कंपनीचे स्पीकर २ ओहमचे असतात. त्यांच्या जागी ४ ओहमचे टाकले की त्याच व्होल्टेजवर ताकद जवळपास निम्मी होते आणि आवाज बसल्यासारखा वाटतो. घरी तपासायचं तर कपलर (तारांचा जोड) काढून स्पीकरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. ४ ओहमवाला साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो, २ ओहमवाला दोनच्याही खाली. तुमच्या जुन्या स्पीकरांच्या मागे ४ ओहम छापलंय, त्यामुळे हा घोळ तुमच्या गाडीत नाही.

आता एक तपासणी तुम्ही आजच करा. बास भरपूर असलेलं गाणं लावा, बॅलन्स मध्ये ठेवा, मग पूर्ण डावीकडे न्या. एका बाजूला नेल्यावर बास वाढला, तर एका दाराचे प्लस-मायनस उलटे जोडलेत. मग एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि गाडीच्या मधोमध बास उरत नाही. तुमच्या जॉब कार्डवर पोलॅरिटी (प्लस-मायनस) तपासल्याची खूण नाही, म्हणजे ते काम राहून गेलंय. खात्री करायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. क्रॉसओव्हरची (वूफर-ट्विटरला सूर वाटून देणाऱ्या डबीची) तार सोडवून सेलचा प्लस वूफरच्या प्लसला क्षणभर टेकवला की पडदा बाहेर यायला हवा. सेल ट्विटरला मात्र लावू नका, त्याची कॉइल केसासारखी नाजूक असते.

ट्विटरचं काम पाच मिनिटांचं आहे. क्रॉसओव्हरच्या डबीत ० आणि वजा ३ डेसिबल अशा दोन जागा आहेत, आणि जंपर (जागा निवडायची छोटी पिन) शून्यावरच राहिलाय. आरशाजवळच्या त्रिकोणात बसवलेला ट्विटर कानापासून हातभर अंतरावर असतो, वूफर पायाशी. तिथे वजा ३च हवं. तोपर्यंत ट्रेबल दोन घरं खाली आणा, आणि लाउडनेस चालू असेल तर बंद करा.

दाराचं काम आम्ही असं करू. आत ब्यूटाइलची (चिकट रबराची), वरून ॲल्युमिनियमची २ मिलिमीटर शीट. डांबरी छपराची टेप कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका, उन्हात ती वितळते आणि गाडीभर वास सुटतो. बाहेरचा पत्रा पूर्ण मढवायची गरज नसते. स्पीकरच्या पाठीमागचा भाग आणि मधला मोठा सपाट भाग मिळून एक तृतीयांश झाकला की थरथर थांबते. आधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, मग शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबायचा. नक्षी दिसत राहिली तर शीट पत्र्याला नीट धरलेली नाही. आतल्या पत्र्याची लहान भोकं शीटनेच बंद होतात. मोठ्या भोकांवर नुसती शीट लावली तर तीच पडद्यासारखी हलते, म्हणून तिथे पातळ ॲल्युमिनियमचा तुकडा स्क्रूने बसवून वरून शीट. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं उघडी ठेवायची, नाहीतर दार आतून गंजतं. लॉकच्या केबल मोकळ्या हव्यात. दारात एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असेल तर त्याच्या तोंडावर काही येता कामा नये. पुढच्या दोन दारांना मिळून सव्वा ते दीड चौरस मीटर शीट पुरते. शेवटी स्पीकरच्या कडेने फोमची पट्टी, म्हणजे आवाज ट्रिमच्या पोकळीत न घुमता थेट जाळीतून बाहेर येतो.

सबवूफरची घाई करू नका. दार नीट झाल्यावर महिनाभर ऐका. तरीही खालचा दणका हवासा वाटला तर सीटखाली मावणारा ८ इंची, स्वतःचा ॲम्प असलेला पुरे. तो १५० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग ताकदीचा) असेल तर ८ गेज (आकडा लहान तेवढी तार जाड) शुद्ध तांब्याची तार, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर. सीटबेल्टच्या बोल्टवर कधीच नाही. तार घेताना एक धागा ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरा निघाला तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, मग ८ऐवजी ६ गेज लागेल. सबवर लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारी गाळणी) ८० हर्ट्झ. दारांसाठी तुमच्या हेड युनिटला हाय-पास (खालचे सूर अडवणारी गाळणी) नाही, तर प्रत्येक वूफरच्या प्लस तारेत ४७० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर ओळीत जोडला की ४ ओहमला साधारण ८५ हर्ट्झखालचा भार हलका होतो आणि तोच स्पीकर आवाज वाढवल्यावर उशिरा फाटतो.

गाडी अर्धा दिवस आमच्याकडे ठेवा. गाडीच्या मापाची रिंग, गॅस्केट, पोलॅरिटी आणि जंपर हे सगळं आमच्या खर्चाने. डॅम्पिंगची मजुरी घेणार नाही; शीट आमची घ्या किंवा स्वतः आणा. स्पीकर ९१ डेसिबलचा हवा असेल तर बदलून देऊ. वायरिंग कपलरवरच आहे, कंपनीची एकही तार कापलेली नाही. त्यामुळे हे सगळं करूनही समाधान झालं नाही तर येताना आणलेले जुने स्पीकर त्याच दिवशी परत बसवू आणि नव्यांचे पूर्ण पैसे देऊ.