‘बायकांच्या फुटबॉलचं सत्य’ या मेसेजला उत्तर

माझी पुतणी 13 वर्षांची आहे. कोल्हापुरात राहते, लेफ्ट बॅक खेळते. गेले तीन रविवार ती मैदानावर गेलेली नाही. तिचे बूट गॅलरीत पडून आहेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, स्टडमधला चिखल वाळून पांढरा झालेला. याला कारण एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. वर ‘बायकांच्या फुटबॉलचं सत्य’ असं ठळक शीर्षक, खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोहोचवा’. नात्यातल्या एका काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. वहिनीने वाचला आणि मला फोन केला. “वन्सं, मला ह्यातलं काय कळत नाही. पण डॉक्टरांचं नाव घालून लिहिलंय म्हणजे काहीतरी असणारच की.”

मेसेजमध्ये एकाही डॉक्टरचं नाव नाही. ‘डॉक्टर सांगतात’ एवढंच आहे. कोण डॉक्टर, कुठले, कधी सांगितलं, काही नाही.

पाच मुद्दे थोडक्यात असे. बायकांचा फुटबॉल फिफाने 1991 मध्ये टीव्हीच्या पैशासाठी सुरू केला, त्याआधी तो नव्हताच. बायकांचा फुटबॉलचा आशिया कप भारतात पहिल्यांदा 2022 मध्ये आला आणि आपल्या मुली एक सामना खेळून पळून गेल्या. 1980 मध्ये भारत आशियात दुसरा आला असं सांगतात ते खोटं, ती खासगी जत्रा होती. फुटबॉलने मुलींच्या गर्भाशयाला इजा होते, म्हणूनच इंग्लंडने डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यावर बंदी घातली होती. आणि बायकांचा फुटबॉल बघायला कुणी येत नाही.

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण आमच्या घरात नुकसान त्यानेच केलंय.

बंदी घातली होती हे खरं आहे. 5 डिसेंबर 1921 ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांसाठी अगदी अयोग्य आहे आणि त्याला उत्तेजन देता कामा नये, म्हणून संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. पण त्या ठरावातला उरलेला भाग कशाबद्दल आहे? पैशाबद्दल. धर्मादाय सामन्यांचं उत्पन्न खर्चातच जास्त जातं, अशी तक्रार त्यात आहे. आता त्याच्या वर्षभर आधी काय झालं ते बघा. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींचा डिक कर लेडीज हा संघ खेळला, तेव्हा 53,000 माणसं आत होती आणि हजारो लोक जागा नाही म्हणून बाहेर राहिले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात राबलेल्या मुली होत्या त्या. जखमी सैनिकांसाठी त्या निधी जमवत होत्या. एवढी गर्दी खेचणाऱ्या खेळाची मैदानं वर्षभरात काढून घेतली. अयोग्य असल्याचं मत तेव्हा काही डॉक्टरांनी दिलं होतं, तेही खरं. पण ते मत होतं. कुणाला तपासून, मोजून, तुलना करून काढलेला निष्कर्ष नव्हता.

आणि त्या मुलींचं पुढे काय झालं? गर्भाशयं निकामी झाली? त्या खेळतच राहिल्या. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेला गेल्या आणि तिथे पुरुषांच्या संघांविरुद्ध खेळल्या. तो संघ 1965 पर्यंत टिकला. इंग्लंडमधली बंदी सुमारे 50 वर्षं राहिली, जर्मनीतली 1955 ते 1970, ब्राझीलमधली 1941 ते 1979. तीन देशांनी आपली चूक मागे घेतली, आणि ती टाकून दिलेली चूक आपण 2020 नंतर कोल्हापूरच्या मुलींना लावतोय.

आता शरीराबद्दल सरळ सांगते, कारण या बाबतीत आपल्याकडे कुजबुज फार आणि माहिती कमी. गरोदर नसलेल्या बाईचं गर्भाशय मुठीएवढं असतं आणि ते कमरेच्या हाडांच्या आत खोल, मूत्राशयाच्या मागे असतं. धावल्याने, उडी मारल्याने किंवा जमिनीवर पडल्याने ते जागचं निसटत नाही. मुलग्यांचे नाजूक अवयव तर शरीराच्या बाहेर असतात, फ्रीकिक अडवायला भिंतीसारखे ओळीत उभे राहताना ते दोन्ही हात कुठे धरतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तरी मुलग्यांना खेळू नको म्हणणारा मेसेज कधी आला नाही. अमेरिकेची जॉय फॉसेट 1999 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी मारून गोल करत होती तेव्हा दोन मुलींची आई होती. पुढे तिसरी मुलगी झाली आणि त्यानंतर ती 2003 चा विश्वचषकही खेळली. आपली मेरी कोम तर मुष्टियुद्धात. जुळ्यांची आई झाल्यावर जागतिक विजेती, आणि 2012 मध्ये ऑलिंपिक पदक. गरोदरपणात असे अंगावर येणारे खेळ डॉक्टरांना विचारून थांबवायचे असतात, ते वेगळं. 13 वर्षांच्या मुलीला ते लावायचं कारण नाही.

यातली अर्धी गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. दुखापतीत मुलींचं नशीब खरंच वेगळं आहे, फक्त ते पोटात नाही, गुडघ्यात आहे. गुडघ्याच्या आतलं एसीएल नावाचं लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा जास्त असतं. कुणी धक्का न मारताही ते फाटतं, उडीवरून खाली येताना किंवा पळता पळता एकदम वळताना. गुडघा आत वाकतो, अंगठ्याच्या बाजूला झुकतो आणि तिथेच गडबड होते. काळजी करायचीच तर या गोष्टीची करा. यावर उपायही आहे. ‘11 प्लस’ नावाचा 20 मिनिटांचा वॉर्मअप आहे: हळू धावणं, पोटाच्या स्नायूंसाठी प्लँक, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, एका पायावर तोल, आणि उडी मारून गुडघा सरळ पंजाच्या रेषेत ठेवून उतरणं. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या सुमारे 1,900 मुलींवर हे करून पाहिलं आणि 2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं. हा वॉर्मअप करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या आणि गंभीर दुखापती त्याहूनही जास्त घटल्या. डॉक्टरांचं ऐकायचं असेल तर हे ऐका. डॉक्टर मुलींना घरी बसवा म्हणत नाहीत, नीट उडी मारायला शिकवा म्हणतात. पुतणीच्या कोचला मी आधी हेच विचारलं, आणि तिथे वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या, एवढंच होतं. वहिनीने त्यावरून भांडावं, मी तिच्यामागे उभी राहीन.

आता 1991 चं. 1991 मध्ये चीनमध्ये फिफाचा पहिला महिला विश्वचषक झाला, तेवढंच खरं. पण आशियातल्या बायकांनी आपली वेगळी महासंघटना 1968 मध्येच उभी केली होती आणि 1975 मध्ये हाँगकाँगला राष्ट्रीय संघांची पहिली आशियाई स्पर्धा भरवली, म्हणजे आजच्या आशिया कपची सुरुवात. सहा संघ होते: हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया, थायलंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. न्यूझीलंडने अंतिम सामन्यात थायलंडला 3-1 ने हरवलं. युरोपच्या अधिकृत संघटनेची पहिली स्पर्धा पूर्ण झाली ती 1984 मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, आणि तिच्यातही बायकांना 35-35 मिनिटांचाच खेळ आणि चार नंबरचा लहान चेंडू दिला होता. या बाबतीत आशिया पुढे होता. हे आपल्या शाळांमधून कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

भारतात महिला फुटबॉलची संघटना 1975 मध्ये निघाली. पुरुषांच्या महासंघापासून ती वेगळी होती, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यात गेली. आणि जानेवारी 1980 मध्ये तीच आशियाई स्पर्धा कालिकतला, आजच्या कोझिकोडेला झाली. फुटबॉलच्या नागजी स्पर्धेचं शहर ते. पेठांच्या सामन्यासाठी शाहू स्टेडियम भरणाऱ्या कोल्हापूरकरांना असं शहर वेगळं समजावून सांगायला नको. भारत अंतिम फेरीत गेला आणि तैवानकडून 2-0 ने हरला. पुढच्या वर्षी तिसरा आला. 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम फेरीत जाऊन थायलंडकडून हरला. त्याच वर्षी बंगालच्या शांती मल्लिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू. गोव्याची योलांदा डिसोझाही त्या काळात भारताकडून खेळली, पुढे ती चित्रकार म्हणून ओळखली गेली.

मग ‘खासगी जत्रा’ हे कुठून आलं? त्याला एक धागा आहे. कालिकतला भारताचे दोन संघ उतरले होते. ऑस्ट्रेलियाकडून देशाचा नव्हे, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याचा संघ आला होता. चीन नव्हता, तो 1986 मध्ये पहिल्यांदा आला आणि लगेच जिंकला. जपानच्या महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामनाच 1981 चा. आणि आशियाई फुटबॉल महासंघ तेव्हा या स्पर्धेचा आयोजक नव्हता, महिलांची संघटना 1986 मध्ये त्यात विलीन झाली. म्हणून 1980 चं दुसरं स्थान आजच्या दुसऱ्या स्थानाएवढं अवघड होतं, असं मीही म्हणणार नाही.

पण खोटं? 2022 ची स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाली, तेव्हा आशियाई महासंघाने स्वतः तिला विसावी स्पर्धा म्हटलं. विसावी कशी होते ते बोटं मोजून पाहा. 1975, 1977, 1980, 1981, 1983, 1986... अशी 1975 पासून सुरुवात केली, तरच 2022 ला वीस भरतात. कालिकत वगळलं तर 19 होतात. ज्यांनी एकेकाळी या बायकांना दारात उभं केलं नाही, त्यांनीच पुढे त्यांचा हिशेब आपल्या वहीत घेतला. यावर आणखी वाद घालायचं कारण मला दिसत नाही. ‘भारतात पहिल्यांदा 2022 मध्ये’ हेही यातच निकाली निघालं.

राहिलं ‘पळून गेल्या’. हे वाचून मला खरंच राग आला. 20 जानेवारी 2022 ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी 0-0 बरोबरी केली. मग संघात कोविड पसरला. 23 तारखेला चिनी तैपेईविरुद्ध, म्हणजे 1980 च्या अंतिम सामन्यातल्या त्याच तैवानविरुद्ध, नियमाप्रमाणे लागणाऱ्या 13 खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. अशा वेळी नियम संघाला माघार घेतलेला धरतो, खेळलेला सामनाही रद्द होतो. 42 वर्षांनी घरच्या मैदानावर ती लढत होणार होती, आणि त्या मुली हॉटेलच्या खोल्यांत बंद होत्या. याला पळून जाणं म्हणणाऱ्याने कोविडमध्ये आपल्या घरी काय झालं होतं ते एकदा आठवावं. त्यानंतर 5 जुलै 2025 ला याच भारतीय संघाने चियांग माईला जाऊन थायलंडला त्यांच्या घरात 2-1 ने हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि 2026 च्या आशिया कपची जागा पात्रता फेरीतून मिळवली. पात्रता फेरी जिंकून तिथे जाण्याची ही भारताची पहिलीच वेळ. 1983 मध्ये ज्यांच्याकडून हरलो, त्यांनाच हरवून.

पाचव्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. 1920 चे 53,000 वर सांगितलेच. 30 मार्च 2022 ला बार्सिलोनात बायकांच्या सामन्याला 91,553 लोक होते.

हे सगळं मी वहिनीला काल फोनवर वाचून दाखवलं. इतिहास तिने ऐकून घेतला, पण प्रश्न सगळे गुडघ्याचे विचारले. उडी मारून उतरताना पाय किती लांब ठेवायचे, बूट घट्ट झाले तर फरक पडतो का, ते 20 मिनिटांचं घरी करता येतं का. येतं. शनिवारी मी कोल्हापूरला जातेय, गच्चीवर दोघींना करून दाखवणार आहे. रविवारी सकाळी सहाला मैदान आहे. जायचं की नाही हे वहिनीने अजून सांगितलेलं नाही.

काका, तुमचा मेसेज आला त्याच ग्रुपवर हे टाकतेय. तुम्ही तो आणखी कुठे कुठे पाठवला असेल, तिथे तिथे हेही पाठवा.