चिकटायचं तिथं चिकटत नाही

आमच्या वाशीमकडे उन्हाळ्यात नळाचा भरवसा नाही. म्हणून गच्चीवरची प्लास्टिकची टाकी म्हणजे घरातलं कर्तं माणूस. नेमकी तिलाच बुडाशी चीर गेली.

दोन नळ्यांतला लगदा कालवून चिरेवर अंगठ्यानं दाबून बसवला. रात्रीतून दगड झाला. सकाळी टिचकी मारली, तर अख्खा पापुद्रा माझ्या अंगठ्याच्या ठशासकट हातात! झटपट चिकटणाऱ्या थेंबानं मात्र माझी दोन बोटं अशी जोडली, की दुपारचं जेवण चमच्यानं झालं.

भाचा नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतो. म्हणाला, "मामा, टाकी पॉलिथिनची हाये. मेणावानी अंग तिचं, गोंदाले पकडच भेटत नाही. आधी शिंपल्याचा थर पायजे."

समुद्रातला मसल नावाचा शिंपला लाटांचा मार खात ओल्या खडकाला धरून बसतो, ते त्याच्या प्रथिनांतल्या डोपा नावाच्या घटकाच्या जोरावर. ते हेरून अमेरिकेत ली आणि मेसरस्मिथ या संशोधकांच्या चमूनं २००७ साली युक्ती काढली. जरासं अल्कधर्मी पाणी घ्यायचं, त्यात डोपाचंच भावंड असलेलं डोपामाइन विरघळवायचं आणि वस्तू बुडवून ठेवायची. दिवसभरात काळपट थर चढतो, जेमतेम ५० नॅनोमीटरचा. पण चढतो टेफ्लॉनवरसुद्धा, जिथं डोसाही टिकत नाही! मग त्या थरावर पुढचं काय ते बसवा.

"एवढंच ना?" आत्या म्हणाली. "बिबा लावा. धोब्यानं बिबा-चुन्याची खूण केली, का धोतर फाटते, खूण जात नाही."

भाचा गप्पच झाला. बिब्याच्या तेलातही कॅटेकॉलच, म्हणजे डोपाचंच गणगोत. आणि चुना अल्कधर्मी! गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात काळे पडतात, ते यापायीच. पण मला बिबा नुसत्या नावानं उततो. म्हणून या बेतात बिब्बा मीच घातला.

राहिला शिंपला. "लावाचं कसं?" मी विचारलं.

"टाकी त्या पाण्यात बुडवून ठेवाची, मामा."

"अबे, हजार लिटरची टाकी बुडंन एवढं पाणी असतं, तं टाकी कायले लागली असती?"

शेवटी शेजारचा गडी आला. इळा चुलीत लाल केला, जुन्या कॅनचा तुकडा चिरेवर वितळवून पसरला. पॉलिथिनला पॉलिथिन मिळालं, गळती बंद. मजुरी म्हणून चहा आणि तंबाखूची पुडी.

भाचा मात्र प्रयोगासाठी बिबे नागपूरला न्यायचे म्हणतो. आत्यानं ते फडक्यात बांधून दिले, वर चुन्याची डबीही टाकली.