डिप्लोमा, आयटीआय आणि 'रस्ता बंद'चा मेसेज: खुलासा

'दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमा घेतला की पदवीचा रस्ता कायमचा बंद, म्हणून अकरावी सायन्सच घ्या' असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. काल एका विद्यार्थिनीचे वडील पॉलिटेक्निकचा अर्धा भरलेला फॉर्म घेऊन आले. "सर, आता रद्द करू का?" म्हणाले. म्हणून हे लिहितोय.

हा मेसेज चुकीचा आहे. दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा. तो झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागत नाही. राज्य सीईटी कक्षाच्या प्रवेशफेरीत डिप्लोमाचेच गुण धरले जातात. किमान गुणांची अट खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४०. जागा मात्र गुणवत्तेवरच, हे मुलांना आधीच सांगावं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्यांनाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. ही साखळी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकांत छापलेली असते. आमचे काही माजी विद्यार्थी याच वाटेने बी.ई. झाले.

मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे ते मेडिकलपुरतं. नीटला अकरावी-बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. तिथे डिप्लोमा चालत नाही.

मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. पण कृपया तो पुढे ढकलू नका, आणि आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. त्या वडिलांनी फॉर्म पूर्ण भरून नेला.