थेंबाचा पत्ता

ट्रकमधून डिझेल गळतंय, ही बातमी मला पोदेराने, म्हणजे पाववाल्याने दिली. सकाळी पावांची सायकल आमच्या आंगणात सरळ वळायची, ती त्या दिवशी आडवी आली. तो पडला नाही, पण टोपलीतले चार उंडे चिखलात गेले. "तुमच्या दारात इंद्रधनुष्य पडलंय," असं म्हणून त्याने त्या चार उंड्यांचेही पैसे घेतले.

जून महिना. गोव्यातल्या आमच्या डिचोलीत जूनमध्ये न गळणारी वस्तू शोधणंच मुळात कठीण. कौलं गळतात, पन्हळ गळते, छत्री गळते. त्यात माझा 2008 सालचा टिपर. इथली लोहखनिजाची लाल माती बोटींतून चीनला जात होती आणि ज्याच्या दारात ट्रक त्याच्या दारात लक्ष्मी, अशा दिवसांत घेतलेला. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा तो उभा राहिला, 2018 साली पुन्हा उभा राहिला. हौद्यात गवत उगवलं, त्यात शेजाऱ्याची कोंबडी अंडी घालून गेली, पण थेंब कधी गळला नाही. आता खडीच्या खेपा मारून जरा श्वास घेतोय, तर याला गळती.

उन्हाळा असता तर जमिनीवर डाग पडला असता आणि डागाच्या वर बघितलं असतं. पावसात डिझेल पाण्यावर पसरतं. सगळं आंगणच सप्तरंगी. तुळशीपाशी निळं, विहिरीकडे गुलाबी. घरात डिझेलचा वास, पावाला डिझेलचा वास, आणि मी जवळून गेलो की बायको खिडकी उघडणार.

आमच्या गावात ताप आला तर एक डॉक्टर, पण ट्रक बिघडला तर प्रत्येक सोप्यावर एक. कुणी म्हणे फीड पंप, कुणी म्हणे फिल्टरचा वायसर. खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवलेले एक काका म्हणाले, टाकीला चीर असणार, आंघोळीचा साबण घास. ही थट्टा नव्हे. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, बारीक चीर तात्पुरती बुजते. मी अर्धी वडी घासली. टाकी लखलखली. इंद्रधनुष्य तसंच.

मग गॅरेज गाठलं. तिथला माणूस आडवा होऊन ट्रकखाली गेला आणि आतूनच म्हणाला, "मागचं ऑईल सील गेलं." इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापासून काळे थेंब पडत होते, हे खरं. गिअरबॉक्स उतरवायचा, तीन दिवस, आणि खर्च त्याने असा सांगितला की मी शेजारच्या टायरवर बसलो. मी बोट लावून वास घेतला. "हे ऑईल नाही, डिझेल आहे." "काळं आहे ना?" "इंजिनावरची घाण धुऊन खाली आणतंय, काळं होणारच." तो म्हणाला, "देवाक काळजी." देवाला माझ्या हप्त्याची काळजी असल्याचं आजवर दिसलेलं नाही, म्हणून मी ट्रक घेऊन परत आलो.

रात्री जेवताना मी हे सगळं रडगाणं गात होतो. बायको चुलीजवळच्या बादलीतलं पाणी ओतायला उठली. "अहो, बादली कुठे आहे?" "चुलीपाशी." "आणि कौल कुठलं फुटलंय?" "देवघरावरचं." "मग? पाणी वाशावरून चालत इथवर येतं आणि मग टपकतं. तुमचं डिझेल काय विमानाने येतंय?" मी भात कालवत गप्प राहिलो. शिवाय देवघरावरचं ते कौल गेल्या वर्षापासून माझ्याच नावावर होतं.

दुसऱ्या दिवशी मयेहून एका म्हाताऱ्या मेस्ताला, म्हणजे मिस्त्रीला आणलं. त्याने आधी इंजिन रॉकेलने धुवायला लावलं, मग चिंधीने कोरडं पुसायला. मग हात पुढे करून म्हणाला, "पावडर." अंगाला लावायची. बायकोचा नवा डबा आला. त्याने डिझेलच्या पंपापासून ते इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत इंजिनावर ती अशी फुंकरली, की ट्रक बारशाला बसलाय. "आता चालू कर, पात्रांव."

इंजिन धडधडलं. मी नोझलच्या पाईपवरून बोट फिरवायला गेलो, तर त्याने मनगटावर फाडकन मारलं. या जुन्या पंपातही नोझलकडे दोनशे बारच्या वर दाब असतो. ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार. पाईपला सुईएवढं भोक असलं तर डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि मग मेस्त नाही, सर्जन लागतो. त्याने बियरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पाईपांसमोर धरला. पुठ्ठा कोरडा. म्हणजे जोराची बाजू शाबूत.

आणि मग पावडरीवर एक ओली रेघ उमटली. अगदी मागच्या, सहाव्या नोझलच्या डोक्यावरून. उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी बारीक ओव्हरफ्लो पाईप, तिच्या बेंजो बोल्टखाली, म्हणजे पोकळ बोल्टखाली, तांब्याचा वायसर, नखाएवढा. तिथून पाझरून, इंजिनाच्या मागून उतरून, त्याच्या भिंतीला धरून थेंब गिअरबॉक्सच्या जोडाशी पोचत होता. सरळ वाशावरून. मी खिडकीकडे बघायचं टाळलं. खिडकी मात्र उघडीच होती.

नवा वायसर आणायला दुकान उघडं नव्हतं. रविवार. मेस्ताने जुनाच काढून बायकोच्या गॅसवर चिमट्याने लालभडक तापवला आणि वाटीतल्या पाण्यात टाकला. चर्रर्र. काका म्हणाले, "अरे, असा बुडवला की लोखंड कडक होतं!" मेस्त म्हणाला, "लोखंड. तांबं मऊ होतं." दाबून दाबून कडक झालेला वायसर बोल्टखाली बसेना, मऊ झाल्यावर बसला. दुकान उघडल्यावर नवा टाक, दहा-वीस रुपयांचा, असं बजावून तो चहा प्यायला बसला. मी गिअरबॉक्सच्या खर्चाला वीसने भागत होतो.

पावडर मात्र पूर्ण निघेना. सोमवारी क्रशरवर रांगेत इंजिन तापलं आणि वास दरवळला. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, माझ्या बॉनेटभोवती एक चक्कर मारून आला आणि खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाला, "कुठे मुलगी बघायला चाललाय काय हा?"